खाटेच्या पायथ्याचे तीन शब्द

सुलाबाईला कामावर घेतलं तेव्हा, बाई तुला भाषा किती येतात, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच काय? बाळंतिणींच्या वॉर्डात बेडपॅन उचलायला आणि रक्ताच्या चादरी धुवायला भाषा कशाला लागते! बेळगावच्या कॅम्पातल्या त्या दवाखान्यात त्या कामाला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून बौद्धवाड्यातल्या सुलाबाईला साठ साली आया म्हणून घेतलं. घेतलं ते उपकार केल्यासारखं, आणि पुढं तेवीस वर्षं ते उपकार तिला ऐकवले. तिनंही ऐकून घेतले. पण बाई फटकळ होती. एखाद्या सिस्टरनं नाकाला पदर लावला की म्हणायची, "नाक झाकून घ्या सिस्टर, पर कान तेवढं उघडं ठेवा. बाळतीन कवाची हाक मारतीया."

माहेर निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि सुलाबाई तिच्या मांडीशी बसून मोठी झाली. वखारीत एका ओळीला मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या बायका बसायच्या. टोपलीत तंबाखू भरत आला की एक म्हणायची पुरे, दुसरी म्हणायची साकु, तिसरी म्हणायची बस. तीन तोंडांतून तीन शब्द, पण टोपली तिन्हींना थांबायची. माझाच शब्द खरा, म्हणून तिथं कुणी कुणाच्या झिंज्या धरल्या नाहीत. असली अक्कल शिकलेल्या माणसांनाच सुचते.

नवरा देवाप्पा गवंडीकाम करायचा. त्यानं तिला विहारातल्या रविवारच्या बायकांच्या वर्गात बळेबळे घातलं, आणि तिशी ओलांडल्यावर सुलाबाई अक्षरं शिकली. जोडाक्षर आलं की अडखळायची. म्हणून तिचा जीव आखूड शब्दांवर. लांबलचक शब्द दिसला की म्हणायची, "ह्यो सायबांचा शब्द. गरिबाला एवढा परवडत न्हाय."

तर त्या वॉर्डात यायच्या कोण? कॅम्पात पलटणी. कुठल्या कुठल्या मुलखातले जवान, आणि त्यांच्या मागनं आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या बायका. कोण गढवालची, कोण पंजाबची, कोण आंध्रातली. नवरा सरावाला नाहीतर सरहद्दीवर. पोरगी पोटुशी, एकटी, आणि शेजारणीचा शब्द तिला कळेल तर शपथ. अशीच एक तेलुगू पोर बहात्तर साली आली. बाळंतपण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काढा पाजायचा ठरला. ती तोंड फिरवून "वद्दु, वद्दु" करायला लागली. चौघींनी मिळून तिचे हात धरले आणि तोंडात काढा ओतला. पोर उलटी करून करून निपचित पडली. संध्याकाळी शेजारच्या खाटेवालीचा नवरा आला, तो तिकडचाच निघाला. त्यानं सांगितलं, वद्दु म्हणजे नको.

सुलाबाईला घरी जाऊन भाकरी गोड लागली नाही. हात धरणाऱ्या चौघींत ती होती ना! एक पोर नको नको म्हणत होती आणि तिचं मनगट आपल्या मुठीत होतं, ह्यापायी तिला स्वतःचाच असा काही संताप आला, की तिनं देवाप्पाच्या देखत आपल्या हातावर फाडकन चापट मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती शनिवार खुटाच्या बाजारातनं पाटी घेऊन आली. पोरांची दगडी पाटी, लाकडी चौकटीची. आणि त्या दिवसापासून तिनं रीत पाडली. नवी बाई वॉर्डात आली, की तिला पोचवायला आलेल्या माणसाला दारातच अडवायचं. नवरा असो, दीर असो, सुभेदार असो. "थांबा. तीन शब्द द्या आन् मग जावा. पानी, दुखतंय, नको." तो सांगायचा, ही मोडक्या अक्षरात पाटीवर लिहायची आणि पाटी खाटेच्या पायथ्याला टांगायची. बाळंतिणीला चौथा शब्द लागत नाही, असं तिचं म्हणणं होतं. बाई घरी गेली की पाटी ओल्या फडक्यानं पुसायची, पण त्याआधी ते तीन शब्द वहीत उतरवून घ्यायची.

सुरुवातीला सगळे हसले. आया झाली मास्तरीण, म्हणाले. मग एकदा एका पंजाबणीला ताप चढला आणि पाटी बघून डॉक्टरांनी तिला तिच्याच शब्दात विचारलं, तेव्हा हसणं बंद झालं. पाटीशिवाय खाट नाही, असा वॉर्डाचा नेमच झाला. पगार मात्र आयाचाच राहिला.

ह्या शब्दांचं तिला वेडच लागलं म्हणा ना. गोव्याकडची एक कोळीण आली होती, कणकुंबीच्या घाटातनं वर बाजारला येताना तिचे दिवस भरले. तिनं पाण्याला उदक म्हटलं. सुलाबाई चाट पडली. "उदक? अगं, ह्यो तर भटजीचा शब्द! पळीनं शिंपडत्यात त्यो! आमच्या बापाला ज्या पान्याला शिवू दिलं न्हाय त्याचं नाव, आन् ही माउली घटाघटा पितीया." आणि इतकी हसली, की हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं. कानडीत नीरु, तेलुगूत नीळ्ळु, आणि आपल्या भजनातसुद्धा नीर आहेच की, हे तिनं स्वतः वहीत शेजारी शेजारी लिहून काढलं. ताई म्हटलं की आपल्याकडं बहीण, कानडीत आई. दवाखान्यातला कारकून गुंडू तिला वाचून दाखवायचा, कुठलं पुस्तक कुठला शब्द फारशीतनं आला म्हणतं, ते. 'बास' हा अस्सल मराठी शब्द, असं गुंडूच छातीठोक म्हणायचा, तोच फारशी निघाला, तेव्हा बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. सुलाबाई म्हणाली, "असूंदे रं. आला, ऱ्हायला, कामाला लागला. मानसाला तरी दुसरं काय लागतंय?"

असं दहा-अकरा वर्षं चाललं. मग आले नागोजीअण्णा.

नागोजीअण्णा म्हणजे गल्लीतलं मोठं प्रस्थ. मराठी भाषेसाठी मोर्चात पुढं असायचे, लाठीही खाल्लेली, ते खोटं नाही. त्यांची सून बाळंत झाली म्हणून ते त्र्याऐंशी साली वॉर्डात आले, आणि सुनेच्या शेजारच्या खाटेला त्यांनी पाटी बघितली. नीरु, नोवु, बेडा. गोकाककडची बाई होती ती. अण्णांचा पारा चढला. "मराठी बाई असून कानडी लिहितेस? आम्ही तिकडं डोकी फोडून घेतोय आणि तू इथं त्यांचे शब्द टांगतेस? पूस आधी!"

सुलाबाईनं पदर खोचला. "अण्णा, तिला दुखायला लागलं तर तिनं तुमाला इचारून मराठीत दुखवून घ्यायचं का? आन् तुमाला अण्णा म्हनायचं का न्हाय, ते बी सांगून टाका. त्यो शब्द बी तिकडनंच आलाय. आक्का बी तिकडचीच. पुसायला बसलं तर तुमच्या घरात हाक मारायला शब्द उरायचा न्हाय."

वॉर्डातल्या बायका फिस्सदिशी हसल्या, आणि तिथंच बिनसलं. अण्णांनी अर्ज दिला. तो अर्ज दिला हे कळल्यावर दुसऱ्या बाजूच्या मंडळींनीही अर्ज दिला, की कर्नाटकातल्या दवाखान्यात कानडी शब्द मराठी अक्षरात लिहिले जातात, हा अपमान आहे. गंमत बघा! एकाला शब्द खुपला, दुसऱ्याला अक्षर. जिच्यासाठी पाटी होती तिला विचारायला एकही गेला नाही.

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते धारवाडकडचे. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीला जपणारा. दोन अर्ज बघून त्यांनी तिसरा रस्ता काढला. पाट्या बंद. रुग्णाची तक्रार डॉक्टर विचारतील आणि इंग्रजीत केसपेपरवर लिहितील. आयांनी भाषेच्या भानगडीत पडू नये. चोवीस पाट्या गुंडूनं गोणपाटात बांधल्या आणि कोळशाच्या खोलीत टाकल्या. त्या टाकताना तो सुलाबाईच्या नजरेला नजर देईना.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कुप्पम्मा आली. वेल्लोरकडची, तमिळ बोलणारी, सावळी, गळ्यात हळदीचा दोरा. तिचा नवरा मुनुसामी पलटणीत लान्स नाईक होता, त्याला त्याच दुपारी सरावाला जायचं होतं. पाटी नव्हती, पण सुलाबाईची जित्याची खोड कुठं जाते! तिनं त्याला जिन्यात गाठलंच. हळू आवाजात विचारलं. त्यानं सांगितलं, तण्णी, नोवुदु, वेण्डा. दुसरा शब्द ऐकला आणि तिचा चेहरा खुलला. "नोवु! आरं, कानडीत बी नोवुच! दुखन्याला तरी त्येनी एकच ठेवलंय बघ." मुनुसामीला कळलं काही नाही, पण ही म्हातारी खूष झाली एवढं बघून तो निर्धास्त गेला.

दोन दिवसांनी सकाळी नऊ वाजता कुप्पम्मा मोकळी झाली. मुलगी. बाराच्या सुमाराला ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "नोवुदु." सुलाबाईनं सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाली, होतं थोडं. एक वाजता परत नोवुदु. आता तिचा हात गार लागत होता आणि ओठ पांढरे दिसत होते. तेवीस वर्षांत सुलाबाईनं हजार बाळंतिणी बघितल्या होत्या, तिनं सिस्टरला हाताला धरून खाटेशी आणलं. सिस्टरनंही नाडी बघितली आणि ती घाबरली. डॉक्टर एकच जागेवर होते, खुद्द साहेब. आणि साहेब मीटिंगमध्ये.

मीटिंग कसली? दवाखान्याची नवी पाटी रंगवायची होती. वर कानडी की वर मराठी, आणि अक्षरं केवढी केवढी! एका बाजूला नागोजीअण्णा, दुसऱ्या बाजूला ती दुसरी मंडळी, मधे साहेब आणि चहा-बिस्किटं. सुलाबाई दाराशी गेली. शिपायानं आत सोडलं नाही. ती परत गेली, कुप्पम्माचे पाय चोळले, परत आली. तिसऱ्यांदा शिपायाला बाजूला सारून आत घुसली.

"सायब, सतरा नंबरची. लई दुखतंय म्हनतीया. गार पडलीया. चला."

साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "केसपेपरवर तक्रार आहे काय?"

"तिला लिवता येत असतं तर तिनं लिवली असती. त्वांडानं सांगतीया की!"

"आणि तुला तमिळ येतं?" साहेब म्हणाले, आणि चहा पिणारे हसले. दोन्ही बाजूंचे हसले. महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आयावर हसायला एका क्षणात एक झाली. "बाळंतपणानंतर कळा येतातच. मी येतो, जा."

ते आले साडेतीनला. चादर बाजूला केली तेव्हा खालची गादी भिजलेली होती. मग धावपळ झाली, सलाईन झालं, रक्ताची बाटली आणायला माणूस सायकलवर पिटाळला. चारला दहा कमी असताना कुप्पम्मा गेली. शेवटपर्यंत ती तोच एक शब्द बोलत होती, आवाज नुसता बारीक होत गेला. सुलाबाई तिच्या उशाशी होती. ती मोजत होती असं नाही, पण बारापासून अकरा वेळा कुप्पम्मानं तो शब्द म्हटला, हे तिच्या डोक्यात कोरून बसलं.

तिसऱ्या दिवशी गुंडूनं तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. तिची जबानी म्हणे! तिनं न दिलेली. "सही कर आक्का," तो म्हणाला.

"वाच की आधी."

"काय न्हाय गं त्यात. नेहमीचंच."

"गुंडू, वाच."

ह्या मुलखात कागद नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा असतो. कानडीतला असो, इंग्रजीतला असो, कुणीतरी वाचणार आणि आपण मान हलवणार. वाचणारा नको तेवढं गाळतो, टोचेल तेवढं बोथट करतो, आणि ती माया समजली जाते. गुंडूनं तसंच वाचलं. पण तो घाम पुसत होता, आणि सुलाबाईनं वाक्यावर बोट ठेवून ते परत परत वाचायला लावलं. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "भाषेच्या अडचणीमुळं रुग्णेला आपली तक्रार सांगता आली न्हाय. असं हाय. आक्का, दोन वर्सं ऱ्हायलीत पेन्शनीला. देवाप्पाण्णाला दम्यानं काम हुईना. कर सही. मेलेली काय परत येती?"

सुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भाषेची अडचण! आपल्या आळसाचं, आपल्या चहाचं, आपल्या मस्तीचं खापर त्यांनी भाषेवर फोडलं होतं. ज्या भाषेसाठी दोन्हीकडचे ऊर बडवत होते, तिलाच साक्षीला उभं करून खोटं बोलायला लावलं होतं. ती कागद घेऊन उठली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली.

आत मुनुसामी उभा होता. सरावावरनं तसाच आलेला, बुटांना लाल माती. साहेब त्याला हिंदीत समजावत होते, की इलाज सगळा केला, पण तिची भाषा इथं कुणाला कळली नाही, ती काही सांगू शकली नाही. मुनुसामी मान हलवत होता. आणि मग त्यानं जे म्हटलं ते ऐकून सुलाबाई दारातच थिजली. दोन्ही हात जोडून तो म्हणाला, "गलती मेरा है साब. मैं उसको हिंदी नहीं सिखाया."

अरे देवा! ज्याची बायको मारली, तोच माफी मागत होता. आणि साहेब? साहेबांनी ती माफी घेतली. "होता है," म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात काढा!" सुलाबाई ओरडली. तेवीस वर्षांत ती त्या खोलीत कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "हात काढा त्याच्या अंगावरचा. सायब, तुमची आई हाय न्हवं धारवाडात? तिच्या पोटात दुखलं तर ती काय म्हनती?"

साहेबांनी हात काढला.

"मी सांगू? नोवु म्हनती. व्हय का न्हाय? तुमाला पयला शब्द आईनं शिकवला आसंल तवा त्योबी शिकवला आसंल. ही पोर त्योच म्हनत हुती. नोवुदु, नोवुदु. बारापास्नं. तुमचाच शब्द हुता त्यो, परका न्हवता! खाटेपतुर आला असता तर तुमाला आपसूक कळला असता. तमिळ कशाला यायला पायजे? तुमी आलाच न्हाय."

मुनुसामीला मराठी येत नव्हतं. पण मधला एक शब्द त्याला कळला, आणि त्याची मान झटकन वर झाली. तो सुलाबाईकडं वळला. "नोवुदु?" त्यानं विचारलं. "नोवुदुन्नु सोन्नाळा?"

हे वाक्य तिच्या वहीत नव्हतं. पण त्याचा अर्थ न कळायला ती काय दगड होती? "सांगितलं रं लेकरा," ती म्हणाली. "तिनं सांगितलं. अकरा डाव सांगितलं. मी ऐकलं. ह्येनी न्हाय ऐकलं." आणि दोन्ही हातांची बोटं उघडून, वर आणखी एक दाखवून, तिनं साहेबांकडं हात केला. मुनुसामीचे जोडलेले हात सुटले. तो साहेबांकडं बघत राहिला, आणि साहेब टेबलावरचे कागद नीट करत राहिले.

सुलाबाईनं त्या जबानीवर सही केली नाही. टाइप केलेल्या ओळींवर उभी रेघ मारली आणि खाली आपल्या मोडक्या अक्षरात लिहिलं, 'ती बोलली. मी सायबास्नी तीनदा सांगायला गेले.' नाव लिहिलं, तारीख घातली. तो कागद मुनुसामीनं पलटणीच्या ऑफिसात नेला. चौकशी झाली म्हणतात. साहेबांची बदली झाली, बढतीवर. दवाखान्याची नवी पाटी लागली, दोन्ही बाजूंना पटेल अशी.

आणि सुलाबाईला दोन महिन्यांनी घरी बसवलं. गुंडू स्वतः कागद घेऊन बौद्धवाड्यात आला. देवाप्पा खाटेवर खोकत होता, सुलाबाई भाकऱ्या थापत होती. ह्या खेपेला गुंडूनं एक अक्षर गाळलं नाही. कारण लिहिलं होतं, सदर कर्मचाऱ्यास भाषेचे आवश्यक ज्ञान नाही.

"परत वाच," ती म्हणाली.

त्यानं परत वाचलं. कागदाची घडी घातली. "वर अपील करू आक्का," तो म्हणाला, "असं कसं सोडायचं? पेन्शन गेली गं तुझी."

सुलाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. रागाच्या भरात भाकरीची कड मोडली. "करू की. सोडतीया व्हय मी? कर तू अर्ज, मी सही करते. पर एक ध्यानात ठेव गुंडू. पेन्शन त्येनी नेली, ती नेली. पर त्या मुनुसामीला आता ठावं हाय, त्याची बायको मुकी न्हवती."